हिऱ्याची कावीळ

मीठ काय काय खातं, याबद्दल नेत्रा म्हात्रेच्या गावात कधी दुमत नव्हतं. सायकलींची चाकं, घरांवरचे पत्रे, ग्रामपंचायतीचं फाटक आणि मिठागरात आयुष्य काढलेल्या माणसांच्या पोटऱ्या ही त्याची मान्यताप्राप्त खाद्यं होत. मीठ हिराही खातं की काय, हा प्रश्न मात्र फाल्गुनात, नेत्राच्या साखरपुड्याच्या तोंडावर, प्रथमच उपस्थित झाला; आणि एकदा उपस्थित झाल्यावर त्याने अलिबागपासून उरणपर्यंतच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांना असं काही कामाला लावलं, की मूळ कार्य साखरपुड्याचं आहे याचा काही काळ सगळ्यांना सोयीस्कर विसर पडला.

वास्तविक सुरुवात अत्यंत शांत झाली होती. नेत्रा अलिबागच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती, त्यामुळे शांततेचा तिला सराव होता. होणारा नवरा धनेश घरत उरणच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्यांवर देखरेख करत असे. त्यामुळे मोठमोठ्या वस्तू हवेत लटकत ठेवण्याचा त्यालाही सराव होता. दोघं मिळून अंगठी घ्यायला केतनभाईंच्या पेढीवर गेले. केतनभाईंनी निळ्या मखमलीवर पांढऱ्या हिऱ्यांच्या अंगठ्या मांडल्या. त्या सगळ्या इतक्या पांढऱ्या, इतक्या निर्दोष आणि एकमेकींसारख्या होत्या, की नेत्राला दवाखान्यातल्या परिचारिकांची रांग आठवली. तिची नजर घसरत केतनभाईंच्या कोपराशी गेली. तिथे कागदाच्या एका उघड्या घडीत एक खडा एकटाच बसला होता. रंग म्हणावा तर मधाचा, म्हणावा तर कोऱ्या चहाचा. आणि उन्हं उतरताना मिठागराच्या शेवटच्या कप्प्यात, मीठ धरण्याआधीच्या दाट पाण्यावर एक रंग क्षणभर येतो, त्याच्याशी तर त्याचं सख्खं नातं होतं.

"हा?" नेत्राने विचारलं.

"बेन, हा तर मी बाजूला काढलेला," केतनभाई ओशाळून म्हणाले. "अस्सल छे, खाणीतला. पण इथल्या माणसाला सफेद जोइए. एकदम सफेद."

मग त्यांनी, विकायचं नसलेल्या वस्तूबद्दल माणूस जितक्या मोकळेपणाने बोलतो तितक्या मोकळेपणाने, सांगितलं की हिऱ्याच्या रंगाला इंग्रजी मुळाक्षरांच्या पायऱ्या असतात; अगदी वरच्या पायरीवर पाण्यासारखे रंगहीन, आणि जसजसं खाली उतरावं तसतशी ऊब वाढत जाते. हा बराच खाली उतरलेला. पांढऱ्या धातूत बसवला तर बिचारा मळका दिसतो, शेजारच्या पांढरेपणापुढे अपराध्यासारखा उभा राहतो. पण पिवळ्या सोन्याच्या बंद कोंदणात बसवला, की सोनं त्याला आपला रंग देतं, तो सोन्याला आपला उजेड देतो, आणि दोघांपैकी कोण उजळतंय ते सांगता येत नाही.

त्या पायऱ्यांचं वर्णन ऐकताना नेत्राला आपलं विवाहाचं परिचयपत्रक आठवलं. त्यात 'वर्ण' या शब्दापुढे वडिलांनी 'गोरा' लिहिलं होतं, आईने खोडून 'गव्हाळ' केलं होतं, आणि आलेल्या प्रत्येक स्थळाने ते वाचून तिच्याकडे असं पाहिलं होतं, की जणू गव्हाची प्रत तपासायला आले आहेत.

"हाच," ती म्हणाली. "पिवळ्या सोन्यात."

धनेशने तो खडा उचलून दुकानाच्या दारात नेला, उजेडात बराच वेळ फिरवला आणि "बरा आहे" असं म्हटलं. धनेशच्या शब्दकोशात याहून वरचा शब्द नव्हता. नेत्राला पहिल्यांदा पाहून आल्यावरही त्याने घरी हेच दोन शब्द सांगितले होते. अंगठी तयार झाल्यावर त्याने तिचा फोटो काढून आपल्या थोरल्या बहिणीला, अमिषाताईला, पाठवला. इथपर्यंत कोणीही काहीही चूक केली नव्हती. चूक फोनने केली. त्या फोनला माणसांचे चेहरे न सांगता उजळ करण्याची सवय होती. त्याने त्याच परोपकारी वृत्तीने हिऱ्यातला सगळा मध धुऊन काढला. अमिषाताईने नवी मुंबईतल्या आपल्या ब्युटी पार्लरमधून तो शुभ्र फोटो समस्त घरत कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या धनूची चॉइस, एकदम प्युअर व्हाइट.' त्याखाली उमटलेल्या अंगठ्यांची आणि हृदयांची संख्या पाहता, मागे फिरण्याचे सगळे रस्ते तिथेच बंद झाले.

म्हात्र्यांच्या घरात एक रीत होती. घरात येणारा कुठलाही नवा दागिना अंगावर चढण्याआधी एक रात्र देव्हाऱ्यापुढे, स्वतःच्या मिठागरातल्या मिठाच्या राशीवर बसायचा. नेत्राचे वडील हिरामण यांच्या दारात आता दोन डंपर उभे असत आणि घर त्यांवरच चालत असे; तरीही खाडीकाठचा मिठागराचा एक तुकडा ते दरवर्षी तोट्यात पिकवत, कारण ते बंद केलं तर दागिने कशावर बसवायचे, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. या रीतीसाठी धनेशने अंगठी आधीच आणून दिली. नेत्राची आई कमळ हिने पितळी ताटात जाड्या मिठाची रास घातली, वर अंगठी ठेवली, हळदकुंकू वाहिलं.

नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी अमिषाताई ब्लाउजचं माप घ्यायला आली. देव्हाऱ्यापुढे, पांढऱ्याशुभ्र मिठावर, सकाळच्या उन्हात हिरा बसला होता. आयुष्यात यापेक्षा पिवळं दिसणं त्याला शक्य नव्हतं.

"हे काय आहे?" अमिषाताई म्हणाली.

"अंगठी," कमळ म्हणाली. "चहा ठेवू?"

"हा तो डायमंड नाय. फोटोत व्हाइट होता. काकी, हा यलो कसा झाला?" तिची नजर अंगठीवरून खाली मिठाकडे गेली. ती शहरात राहत असली तरी उरणच्या मिठागरवाल्याची नात होती. लहानपणी आजोबांची सायकल मिठाने कशी खाल्ली ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. "अरे यार. तुम्ही याला रात्रभर मिठात ठेवला?"

याच क्षणी, मिठापुढे जगातली कुठलीही वस्तू टिकत नाही या पिढीजात अनुभवातून, फक्त मिठागरवाल्यांच्याच डोक्यात येऊ शकेल असा तो सिद्धान्त जन्माला आला. बाहेरच्या माणसाने अंगठी बदलल्याचा संशय घेतला असता. आमच्या माणसांनी मिठाचा घेतला.

हिरामण बाहेर डंपरखालून निघत होते. त्यांनी हात पुसले, आत आले आणि सगळं ऐकून घेतलं.

"पोरी," ते म्हणाले, "मिठानं लोखंड खाल्लं, पत्रे खाल्ले, माझ्या बापाचे पाय खाल्ले. हिरा न्हाय खात."

"काका, मग पिवळा कसा झाला?"

अंगठी हिरामणांनी आदल्या संध्याकाळी चष्म्याशिवायच पाहिली होती.

"तो पहिल्यापासून असाच आहे," नेत्रा म्हणाली. "मी असाच निवडला."

खोलीत जी शांतता पसरली ती ग्रंथालयातली नव्हती. मुलगी मुद्दाम पिवळा हिरा निवडते, यापेक्षा मिठाने हिरा खाल्ला हे अमिषाताईला कितीतरी अधिक संभवनीय वाटलं. "नेत्रा, तू घरच्यांना कव्हर करतेस, चांगली गोष्ट आहे," ती समजूतदारपणे म्हणाली. "पर्सनली मला काय प्रॉब्लेम नाय. पण लोक बघतील ना. रविवारच्या आत चेंज करून घ्या." तिने तिथूनच धनेशला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. "धनू, दुकानात कलर काय होता?"

पलीकडे क्रेनचा भोंगा वाजला. मग धनेशचा आवाज आला, "ताई, दुकानात उजेड वेगळा होता."

नेत्राने ते वाक्य ऐकलं आणि ब्लाउजचं माप देण्यासाठी वर केलेला हात खाली घेतला. हिरा पिवळा आहे की पांढरा, हा तिच्यापुरता प्रश्नच नव्हता. प्रश्न त्या भोंग्याच्या पलीकडे उभा होता आणि त्याला उद्या जन्मभर 'अहो' म्हणायचं होतं.

दुपारपर्यंत गावाला कळलं आणि संध्याकाळपर्यंत गाव वैद्यकीय सल्ल्यासाठी ओट्यावर जमलं. शेजारच्या रंगूकाकूने नेत्राच्या लहानपणी तिला उजळ करण्यासाठी बेसन, साय आणि संत्र्याची साल यांचे अनेक प्रयोग केले होते, आणि त्यांना आलेल्या अपयशाने ती खचली नव्हती. तिने अंगठी टूथपेस्टने घासायला सांगितली. चुलतभाऊ विनेशचं मत पडलं की हा हिरा नसून पुष्कराज आहे. तो तर्जनीत, तोही गुरुवारीच घालावा, नाहीतर नवऱ्याची बदली होते. डंपरचा चालक सदू याने चष्मा लावून खडा निरखला आणि निदान केलं.

"हिऱ्याला कावीळ झालीय. माणगावला एक बुवा औषध देतो. तीन दिवस तेलकट बंद."

"आणि पथ्य कोण पाळणार? अंगठी?" कमळने विचारलं.

"अंगठीवाली," सदू म्हणाला.

हिरामणांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या लेखी अंगठीचा विषय केव्हाच संपला होता; उरला होता तो मिठाच्या बदनामीचा. उरणकडे दोघा पाहुण्यांनी 'म्हात्र्यांच्या मिठात काहीतरी आहे' असं बोलून दाखवल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि विनेशला घेऊन पोलीस चौकी गाठली.

हवालदाराने शांतपणे विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"कायच न्हाय."

"हरवलं?"

"घरात हाय."

"मारामारी?"

"अजून न्हाय," विनेशने वस्तुस्थिती मांडली.

"मग तक्रार कसली?"

"रंगाची," हिरामण म्हणाले. "लोक बोलतात माझ्या मिठानं हिरा पिवला केला. त्यांना लिहून द्या, मीठ तसं करीत न्हाय."

हवालदाराने बराच विचार केला. मिठाला चारित्र्याचा दाखला देण्याची तरतूद चौकीत नव्हती. ते खातं तहसीलदारांकडे असावं, असं त्याने सुचवलं. तहसील कार्यालयातून त्यांना मिठाच्या वेगळ्या खात्याचा पत्ता मिळाला, जे मुंबईत होतं आणि जिथे मीठ खारट आहे एवढंच प्रमाणित होत असावं. हिरामण परतले ते जखमी सेनापतीसारखे, आणि येताना आपल्या मिठाचं एक पोतं उगाचच डंपरमध्ये घालून फिरवत राहिले, साक्षीदार हाताशी असावा म्हणून.

अखेर केतनभाईंकडून प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आलं. त्यात स्वच्छ छापलं होतं की खडा नैसर्गिक आहे आणि त्याचा मूळचा रंग पिवळसर तपकिरी आहे. नेत्राने त्याची प्रत सगळ्यांना पाठवली. वाद मिटायला एवढा कागद पुरेसा होता, असं फक्त ग्रंथपालालाच वाटू शकतं. हिरामणांनी त्यात मिठाची निर्दोष मुक्तता वाचली. विनेशने पुष्कराज वाचला. अमिषाताईने उलट निरोप धाडला, 'बघा, आता लॅबवाले पण बोलतात पिवळा आहे म्हणून.' केतनभाईंनी बिचाऱ्यांनी फोनवर सांगून टाकलं, "बेन, वाद कशाला? बदलून देतो. सफेद घेऊन जा." या प्रस्तावावर दोन्ही कुटुंबांचं पहिल्यांदाच एकमत झालं. हिरामणांची अट एवढीच, की पांढरी अंगठी घेण्यापूर्वी घरतांनी मिठाची माफी मागावी.

म्हणजे आता सगळं जग एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला नेत्रा आणि एक खडा. तिला त्याची कीव आली नाही, अभिमान वाटला. पृथ्वीच्या पोटात युगानुयुगं दाबलं जाऊनही ज्याने आपला रंग सोडला नाही, त्याने चार आत्यांच्या आग्रहाखातर तो का सोडावा, हे तिला समजेना.

धनेश आला तेव्हा ती मिठागराच्या बांधावर होती. उन्हं कलली होती. शेवटच्या कप्प्यातलं पाणी दाट झालं होतं आणि त्यावर तो रंग आला होता. धनेश शेजारी येऊन उभा राहिला. पाण्याकडे पाहिलं. 

"तू दारात नेऊन पाहिला होतास," नेत्रा म्हणाली. "उजेडात."

"हो."

"कसा होता?"

धनेशने हाताने पाण्याकडे दाखवलं. "असा."

"मग ताईंना का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत नाय. ताईशी बोलायचं म्हणजे..." तो थांबला. तीस टनांचा कंटेनर जहाजावरून अचूक उतरवून घेणाऱ्या माणसाला बहिणीच्या अंगावर एक वाक्य उतरवता येत नव्हतं. "तिने मला वाढवलंय, नेत्रा. शाळेची फी तिने भरलीय. एका खड्यासाठी कशाला?"

"खड्यासाठी नाहीच," नेत्रा म्हणाली. "आज त्यांना खडा पिवळा वाटतो. उद्या मी काळी वाटेन. तेव्हाही उजेड वेगळा असेल का?"

धनेशने बांधावरचं एक ढेकूळ पायाने पाण्यात ढकललं.

"मी पांढरी घालणार नाही, धनेश. हे तुला आत्ताच सांगते, म्हणजे रविवारी नवल वाटायला नको."

रविवारी मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. तो करणाऱ्यानेही फोनचीच विद्या वापरली होती. त्यावरची नेत्रा इतकी गोरी झाली होती, की श्रीवर्धनहून आलेल्या मावशीने ही मुलगी कोण, असं प्रामाणिकपणे विचारलं. खरी नेत्रा आत तयार होत होती. तिने घरतांकडून आलेली फिकट गुलाबी साडी परत पाठवून विटकरी रेशीम निवडलं होतं. हातात हिरवा चुडा, गळ्यात आईची जुन्या सोन्याची, घासून मऊ झालेली माळ. पांढरा खडा अंगावर एकही नाही. चेहऱ्याला फासायला अमिषाताईने पाठवलेली पार्लरवाली दोन शेड वरची डबी उघडून उभी होती. नेत्राने ती डबी मिटून तिच्या हातात परत दिली. विटकरी रेशमावर, त्या सोन्यासोबत तिचा रंग असा उठून दिसत होता, की रंगूकाकूलाही क्षणभर बेसनाचा विसर पडला.

मांडवात पाटावर धनेश बसला, समोर नेत्रा. अमिषाताईने पर्समधून मखमली डबी काढली. आत तिने केतनभाईंकडून परस्पर आणलेली पांढरी अंगठी होती, फोटोसारखी. इकडे कमळने पितळी ताट आणलं. त्यात मिठाची रास आणि राशीवर मधाच्या रंगाची अंगठी. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. दोन अंगठ्या आणि एक बोट ही परिस्थिती त्यांच्या पोथीत नव्हती.

"कुठली घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"ही," अमिषाताई म्हणाली. "ती राहू द्या, सेंटिमेंट म्हणून ठेवा घरात."

हिरामण उठू लागले. त्यांच्यामागे सदू उठला, कारण पोतं डंपरमध्ये होतं. पण त्यांच्याआधी कमळ बोलली. इतके दिवस ती फक्त चहा ठेवत होती.

"घालू ना ही," ती गोड आवाजात म्हणाली. "का न्हाय घालायची? पण आमच्या घरात येणारा दागिना आधी मिठावर बसतो. तुमी रीत पाळायला कवा न्हाय म्हनला न्हाय." तिने ताट अमिषाताईपुढे धरलं. "ठेवा. पाच मिनटं."

 अमिषाताईने ताटाकडे पाहिलं. गेले काही दिवस तिने उरण, पनवेल आणि नवी मुंबई इथे सांगितलं होतं, की हे मीठ हिरा खातं. आता पांढरी अंगठी मिठावर ठेवावी, तर मीठ निरुपद्रवी असल्याचं तिनेच जाहीर केल्यासारखं होणार होतं, आणि मग जुन्या अंगठीचा गुन्हा काय हे सांगावं लागणार होतं. न ठेवावी, तर अंगठी घरात येणार नव्हती. आणि खोल कुठेतरी आजोबांची ती सायकलही तिच्या डोळ्यांपुढे असावी; कारण तिचा हात पुढे आला, मिठावर थबकला, आणि डबीचं झाकण टक्कन मिटलं.

"पाच मिनिटांनी काय होतंय?" मागून एक आत्या म्हणाली.

"मग तुमची कुडी ठेवा की," हिरामण म्हणाले. आत्याने कान पदराआड घेतला.

ताट आता नेत्रा आणि धनेश यांच्या मधोमध होतं. नेत्राने हात पुढे केला नाही. मूठ मिटून ती मांडीवर ठेवली आणि धनेशकडे पाहत राहिली. भटजींनी घड्याळ पाहिलं.

धनेशने घसा साफ केला. "ताई," तो म्हणाला.

अमिषाताईने मान वर केली.

"पहिल्यापासून पिवळाच होता. मी दारात नेऊन बघितला होता." जहाज भरतीत हलत असताना कंटेनर उतरवावा, तसा तो शब्द शब्द खाली घेत होता. "मला आवडला होता. उजेड वेगळा नव्हता. मी खोटं बोललो."

त्याच्या संपूर्ण आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण होतं.  "मग तेव्हाच 'बरा आहे' असं तरी म्हणायचं होतंस," एवढंच अमिषाताई म्हणाली. आणि तिच्या आवाजात राग होता, पण त्याच्याआड, आपण वाढवलेलं पोर आपल्याला उलटून बोललं याचं काहीसं नवलही होतं.

नेत्राने मूठ उघडली.

धनेशने मिठातून अंगठी उचलली आणि तिच्या बोटात घातली. कोंदणाच्या कडेला मिठाचा एक खडा चिकटून राहिला होता. त्याच्या शेजारी हिरा जितका पिवळा होता तितकाच दिसला, आणि नेत्राचं बोट जितकं सावळं होतं तितकंच. तिने तो मिठाचा खडा झटकला नाही. हिरामणांनी सदूला पोतं आणायला सांगितलं आणि पेढ्यांसोबत प्रत्येक पाहुण्याच्या हातात मिठाची एकेक पुडी ठेवली. घरतांनाही. घरतांनी ती घेतली.

कार्य उरकल्यावर रंगूकाकू नेत्राजवळ आली. तिने हात हातात घेतला, अंगठी उजेडाकडे धरली, चष्मा नाकावर सरकवला.

"टूथपेस्ट लावली व्हतीस ना? जरा तरी उजळला का गं?"

"नाही काकू," नेत्रा म्हणाली. "मीही नाही उजळले."